साठनंतर एकसष्ट

"सिनोज इथे नसतो. न्यूझीलंडला असतो," बाई म्हणाली. दाराची कडी मात्र तिने हातातून सोडली नाही.

जिस्ना पायरीखालीच उभी होती. छातीशी धरलेल्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये एकच कागद होता. 'मी, खाली सही करणार, सदर यादीवरील माझा हक्क स्वखुशीने सोडत आहे.' नाव, क्रमांक, तारीख आणि सही या जागा कोऱ्या होत्या. खाली राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्यासाठी चौकोन होता.

"न्यूझीलंड! वा वा," पवित्रेट्टन म्हणाला. तो अंगणात रिक्षाला टेकून उभा होता. चाळिशीला टेकलेल्या पवित्रनला सगळी यादी 'एट्टन', म्हणजे मोठा भाऊच म्हणायची. "मग तर कामच सोपं झालं, अम्मच्ची. ज्याला न्यूझीलंड मिळालं तो इथे येऊन परीक्षानळ्या कशाला धुवेल? एक सही मिळाली की आम्ही चाललो. फोन लावून द्या, मी बोलतो."

"फोन लागत नाही तिकडे."

"न्यूझीलंडात?"

मागच्या धुरीघरातून धुरावर वाळणाऱ्या रबराच्या लाद्यांचा आंबूस वास येत होता. जिस्नाची नजर ओसरीच्या टोकाला गेली. तिथल्या बंद खोलीसमोर पुरुषाच्या चपलांचा जोड होता आणि त्या दोन चपलांच्या मधोमध कोळ्याने जाळं विणलं होतं.

"तो परत येणार आहे," बाई एकदम म्हणाली. "सरकारी नोकरीचं पत्र आलं की येईल. मी कशाला सही देऊ? तुम्ही कोण मागणारे?"

"मी एकसष्ट," जिस्ना म्हणाली.

यादी तीन वर्षांपूर्वी लागली होती. जिल्ह्यातल्या सरकारी शाळांसाठी प्रयोगशाळा साहाय्यक, एकशे वीस नावं. काम बारावी झालेल्या माणसाचं, पण यादीतले बहुतेक जण पदवीधर होते आणि सात जण तर एम. एस्सी. होते. यादीची मुदत तीन वर्षं. त्या मुदतीत जेवढ्या जागा कळवल्या जातील तेवढीच नावं वरून खाली भरायची. मुदत संपली की उरलेली यादी रद्दी. मुदत येत्या गुरुवारी संध्याकाळी पाचला संपत होती. एकोणसाठ जण लागले होते. शुक्रवारी पय्यन्नूरजवळच्या एका शाळेने एक जागा कळवली होती, आणि ती शेवटची होती. ती साठाव्याची. साठाव्याने पत्र निघायच्या आत लेखी हक्क सोडला, तर एकसष्टावीची.

बी. एस्सी.च्या निकालाच्या वर्षीच जिस्नाने ही परीक्षा दिली होती. यादी लागली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. त्याच वर्षी मंगळूरला एम. एस्सी.ला मिळालेली जागा तिने सोडली, कारण पहिल्या तीन महिन्यांतच यादी अठ्ठावीसपर्यंत पोचली होती. या वेगाने आपला नंबर सात महिन्यांत लागेल, असं तिने मांडलं होतं. पुढच्या वर्षभरात यादी नऊ नावं हलली. दरम्यान दोन स्थळं आली. दोन्हींना अच्छनने, तिच्या वडिलांनी, सांगितलं, "नोकरीचं पत्र हातात येऊ द्या, मग बघू." आता ती बाजारातल्या रंगाच्या दुकानात मशीनवर शेड बनवत होती. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवी. जिस्ना क्रमांक टाकी, पांढऱ्या रंगात थेंब मोजून पडत आणि मशीन डबा घुसळी. मग झाकणावर त्याच रंगाचा अंगठ्याएवढा ठिपका द्यायचा, म्हणजे डबा न उघडता आतलं कळतं. तिचा ठिपका नेहमी गोल यायचा. मालक म्हणायचा, "आमची टीचर कंपासने काढते."

यादीची वही तिच्याकडे होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेतल्या साहाय्यकाची जन्मतारीख आणि निवृत्तीची तारीख तिने त्यात उतरवली होती. कुणाला मधुमेह आहे, कुणाचा मुलगा दुबईत असून वडिलांना नोकरी सोडायला सांगतोय, हेही होतं. दोन वर्षांपूर्वी एक साहाय्यक प्रयोगशाळेतच कोसळून गेला. तेव्हा यादीच्या व्हॉट्सॲप गटावर जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि त्या रांगेखाली कुणीतरी विचारलं, 'जागा कळवली का?' विचारणारी जिस्नाच होती.

"एकसष्ट म्हणे," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला. "म्हणजे माझ्या पोराच्या ताटातलं..."

"अम्मच्ची." बंद खोलीतून आईला हाक आली. बऱ्याच दिवसांत न वापरलेला, खरवडलेला आवाज. "त्यांना बसायला सांग. काळा चहा दे."

पवित्रेट्टनने रिक्षावरचा हात काढला. बाईने कडी सोडली आणि पदर तोंडाशी नेला.

चहा झाला. उकडलेला कसावा आणि मिरचीची चटणीही आली. कशालाच कुणाचा हात लागेना. बाई भिंतीला टेकून खाली बसली आणि हळू आवाजात, खोलीकडे न बघता सांगू लागली. "चौदा महिने झाले. आधी चर्चला जाणं सोडलं. मग रेशनच्या दुकानात जाणं. मग ओसरीवर बसणंसुद्धा. कुणी काही वाईट बोलायचं नाही हो. एवढंच विचारायचे, 'काय रे सिनोज, कुठपर्यंत आली यादी?' पाद्री तेच विचारायचे, दूधवाला तेच. तुम्हीच सांगा, यात वाईट काय आहे?"

जिस्ना स्वतः दोन वर्षं दुकान सुटल्यावर बाजारातून न जाता कालव्याच्या काठाने घरी जात होती.

"लोकांना काय सांगू? म्हणून मग न्यूझीलंड. शेजारच्या मेरीचा भाचा तिकडे आहे. ते नाव तोंडात आलं."

जिस्ना उठून खोलीच्या दाराजवळ गेली. दाराचा रंग तिने सवयीने ओळखला. जुना तेलीरंग, समुद्री हिरवा, आता कोणी मागत नाही. "सिनोज," ती म्हणाली. "मी जिस्ना. तुझ्या खालची."

"माहीत आहे. लिस्टमध्ये नाव वाचलंय. पहिल्या दिवशी सगळी वाचली होती."

"एक जागा आलीय. ती तुझी आहे."

"मला नको."

इतक्या लवकर उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. सबंध रस्ताभर तिने मुद्दे जुळवले होते: तुझं वय लहान आहे, दुसऱ्या दोन याद्यांत तुझं नाव आहे. एकही मुद्दा वापरावा लागला नाही.

"कागद दाराखालून दे," तो म्हणाला.

"नुसती सही चालत नाही रे," पवित्रेट्टन मागून म्हणाला. "अधिकाऱ्यासमोर करायची असते. इथे खाली गुरांचा दवाखाना आहे ना? डॉक्टरीणबाई राजपत्रित आहेत. मी बघून आलोय. अर्धा किलोमीटर. रिक्षा दारात लावतो, पडदे सोडतो. नव्या नवरीसारखा नेतो तुला."

जिस्नाने मनात मोजायला सुरुवात केली. प्रयोगशाळेतली जुनी सवय. दोनशे दहापर्यंत आली तेव्हा कडी वाजली.

"अम्मच्ची, शर्ट," तो म्हणाला.

बाई उभी राहिली ती धडपडतच. तिने लोखंडी पेटी उघडली, तळाचा फिकट निळा शर्ट काढला, इस्त्री लावली. ती एकीकडे हसत होती. पोरगा कशासाठी बाहेर पडतोय हे तिला ठाऊक होतं. तरी ती कॉलरवरून, बाह्यांवरून, बटणांच्या मधल्या चिंचोळ्या जागेवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिली.

सिनोज रिक्षात बसला नाही. "चालतो," म्हणाला. दाढी वाढलेला, डोळे बारीक करून बघणारा. उजेडाने त्याच्या डोळ्यांना पाणी येत होतं. त्याने चपला उचलून एकमेकींवर आपटल्या, जाळं झटकलं आणि पायात सरकवल्या. पवित्रेट्टनने रिक्षा बंद करून उतारावरून मागोमाग नुसतीच सोडली.

रबराच्या झाडांमधून कच्चा रस्ता होता. झाडाझाडाला बांधलेल्या करवंट्यांत चीक ठिबकत होता. समोरून कुणी आलं की सिनोज थांबे, झाडाकडे तोंड करून करवंटी तपासल्यासारखं करी. ते माणूस गेलं की पुन्हा चाले.

"तू कशात बी. एस्सी.?" त्याने विचारलं.

"केमिस्ट्री."

"मीपण. तुझं नायट्रेटच्या चाचणीत तपकिरी वलय यायचं?"

"पहिल्या फटक्यात कधीच नाही."

"माझं यायचं," तो म्हणाला. चौदा महिन्यांनी घराबाहेर पडलेल्या त्या माणसाच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "नळी तिरकी धरायची. ॲसिड काचेवरून सोडायचं, एकदम थेट नाही. घाई केली की सगळं मिसळतं. मग कसलं वलय! आमच्या वर्गात बाकीच्यांच्या नळ्या मीच करून द्यायचो."

"मग तर तू..." जिस्ना बोलता बोलता थांबली. मग तर तूच जायला हवंस, असं ते वाक्य होतं. ते तिने पुरं केलं असतं आणि तो वळला असता तर? तिने फाइल या हातातून त्या हातात घेतली.

"तिथे गेलो तर लोक विचारतील, इतके दिवस कुठे होतास," तोच म्हणाला. "मी काय सांगणार? न्यूझीलंडची थंडी?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाई एका बकरीचं पोट चाचपत होत्या. बकरीची मालकीण बकरीपेक्षा जास्त ओरडत होती.

"सही ना? थांबा. हिला अगोदर मोकळी करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हात धुऊन त्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग चष्म्यावरून सिनोजकडे बघितलं. "स्वखुशीने?"

"हो."

"कुणाचा दबाव? ही कोण?"

"ती माझ्यानंतरची."

"इथे रोज कुणी ना कुणी दाखला मागायला येतं. मिळवायला येतात सगळे. सोडायला आलेला तू पहिला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी शिक्का शाईवर दाबला. सिनोजने सही केली. अक्षर सुरेख होतं, जर्नलमध्ये असतं तसं. पेन खाली ठेवल्यावर त्याने मोठा श्वास सोडला, आणि त्याचे खांदे बोटभर खाली आले. हे जिस्नाने पाहिलं.

घरी परतल्यावर तो तडक खोलीत गेला आणि कडी लागली. बाईने जिस्नाचे दोन्ही हात धरले. "बाहेर पडला गं. तुझ्यामुळे बाहेर पडला," ती म्हणाली. जिस्नाला तिच्या डोळ्याला डोळा देववेना. ती दाराजवळच्या चपलांकडे बघत राहिली. चपलांना ओली लाल माती लागली होती.

बुधवारी सकाळी दहाला ती आणि पवित्रेट्टन कण्णूरला लोकसेवा आयोगाच्या जिल्हा कार्यालयात होते. खिडकीमागचे कारकून उतारवयाचे, मायाळू होते; तीन वर्षांत ते या दोघांना नावाने ओळखू लागले होते. त्यांनी कागद घेतला, शिक्का बघितला, मान डोलावली, आणि आत जाऊन आले. परत येताना ते कागद दोन्ही हातांत धरून आले. ते पाहूनच पवित्रेट्टनने खिडकीचा गज धरला.

"साठाव्याचं शिफारसपत्र गेलं, पोरी."

"कधी?"

"सोमवारी संध्याकाळच्या टपालाने. रजिस्टर."

"पण जागा शुक्रवारी कळवली," जिस्ना म्हणाली. "नऊ दिवसांच्या आत कधी पत्र निघत नाही. एकोणसाठ वेळा निघालंय. सरासरी चौदा, कमीत कमी नऊ. माझ्याकडे सगळ्या तारखा आहेत."

"असतील. पण मुदत संपत आलेली यादी आम्ही टेबलावर ठेवत नाही गं. शेवटी आलेली जागा लगेच हातावेगळी करतो. तुमच्यासारख्यांचं नुकसान होऊ नये म्हणूनच." त्यांनी कागद खिडकीतून बाहेर सरकवला. "पत्र निघाल्यावर हक्क सोडता येत नाही. आता तो रुजू झाला तर झाला."

"आणि नाही झाला तर जागा परत येईल. एकसष्टला."

"परत येईल, तीन महिन्यांनी," कारकून हळूच म्हणाले. "तेव्हा यादी कुठे असेल?"

शुक्रवारी रात्री पवित्रेट्टन म्हणाला होता, उद्याच निघू. तिने म्हटलं होतं, मंगळवारी जाऊ. दुकानात एका लग्नघराची ऑर्डर होती, बेचाळीस डबे. मालकाने रजा दिली नसती. आणि नऊ दिवसांच्या आत पत्र निघत नाही. शनिवारी दवाखाना उघडा असतो. शनिवारी सही आणि सोमवारी सकाळी दहाला कागद इथे. तिने तो हिशेब जिना उतरेपर्यंत तीनदा केला; तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. वहीतल्या सगळ्या तारखा तरुण यादीच्या होत्या. मरणाऱ्या यादीची एकही नोंद तिच्याकडे नव्हती, असणं शक्यही नव्हतं, आणि तरी तिने आकडा लावला होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर सरांनी जर्नल तोंडावर फेकलं असतं.

हा हिशेब पवित्रेट्टनलाही येत होता. तो अठ्ठ्याऐंशीवा, या यादीत त्याला कधीच काही मिळणार नव्हतं, आणि आता कुठलीच परीक्षा द्यायचं त्याचं वय उरलं नव्हतं. पण तो 'मी म्हणालो होतो' असं म्हणाला नाही. त्याने तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. रिक्षा सुरू करताना तो एवढंच म्हणाला, "चल, बिर्याणी खाऊ. तेराव्याला गोडधोड लागतंच." आणि मग दोघांनीही बिर्याणी खाल्ली नाही.

घरी अच्छन नेहमीच्या जागी, ओसरीवरच्या कट्ट्यावर बसला होता. विडी कारखान्यात बत्तीस वर्षं काढून त्याची छाती आता शिटीसारखी वाजायची.

"कुठपर्यंत आली गं यादी?"

"साठपर्यंत."

"म्हणजे पुढचा तुझाच!" अच्छन म्हणाला, आणि त्याला हसता हसता खोकला आला.

"हो," जिस्ना म्हणाली. आतून अम्माने डोकावून पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न विचारता पुन्हा चुलीकडे वळली.

झोपायच्या आधी जिस्नाने तो कागद फाइलमधून काढला. फाडून टाकावा असं तिला वाटलं. मग तिच्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालं. रजिस्टर पत्राला घेणाऱ्याची सही लागते. तो दार उघडणार नाही. पत्र परत जाईल. जागा ना त्याची, ना तिची. कुठल्यातरी शाळेत एक सिंक कोरडं राहील आणि मुलं घाणेरड्या नळ्यांत प्रयोग करतील. आणि त्या माणसाला वाटतंय की आपली सुटका झाली. त्याचे खांदे बोटभर खाली आले होते.

गुरुवारी तिने मालकाकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. "आज तुझी लिस्ट संपते ना?" मालक म्हणाला. "जा बाई. आणि उद्या ये. उद्यापासून तू माझीच आहेस." तो चांगल्या अर्थाने म्हणाला होता.

ती एकटीच बसने डोंगराकडे गेली. अम्मच्चीने आज कडी हातात धरली नाही. जिस्नाने खोलीच्या दाराशी बसून सगळं सांगितलं. वार, तारखा, नऊ दिवस, सगळं. आपण मंगळवार का धरला तेही.

आत खाट करकरली.

"मी सोडली होती," सिनोज म्हणाला.

"सुटली नाही."

"तू घे."

"मला घेता येत नाही."

"मग तू कशाला आलीस?"

"कागद परत द्यायला." तिने तो दाराखालून आत सरकवला. अर्धा आत गेला, अर्धा बाहेर राहिला. कुणी ओढून घेतला नाही.

पोस्टमन तीनच्या सुमारास आला. मोटारसायकल अंगणात चालू ठेवूनच त्याने पिशवीत हात घातला. "सिनोज मात्यू. रजिस्टर. सही त्याचीच लागते. पण तो न्यूझीलंडला ना? मग 'परदेशी आहे' असा शेरा मारून परत पाठवतो, अम्मच्ची. की तिकडचा पत्ता देताय?"

त्या डोंगरावर पोस्टमनला कळलेली गोष्ट संध्याकाळच्या प्रार्थनेआधी चर्चला कळायची. बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग लिफाफ्याकडे. लिफाफ्यावरचा शिक्का तिला वाचता आला असावा. तिने पदर खोचला.

"घरात आहे तो," ती म्हणाली.

"अरे वा! कधी आला?"

"गेलाच नव्हता."

पोस्टमनने वाकून मोटारसायकल बंद केली. एकाएकी करवंट्यांत पडणारे थेंबसुद्धा ऐकू येऊ लागले. बाई ताठ उभी होती, मान वर करून, चर्चमध्ये नाव पुकारल्यावर उभं राहतात तशी. "चौदा महिने त्या खोलीत आहे. सही तिथे घ्या. दार उघडेपर्यंत थांबा. पाणी देऊ का तुम्हाला?"

पोस्टमन थांबला. पाणी प्यायला. घड्याळ पाहिलं आणि तरी थांबला. शेवटी कडी निघाली, दार वीतभर उघडलं आणि एक हात बाहेर आला. पोस्टमनने पावती आणि पेन दिलं. दाराच्या फटीत चौकटीवर कागद टेकवून सही झाली.

"म्हणजे आली की रे यादी तुझ्यापर्यंत!" पोस्टमन मनापासून आनंदाने म्हणाला.

हात मागे गेला. कडी लागली. लिफाफा पोस्टमनच्या हातातच राहिला. त्याने तो कुणाला द्यावा हे न कळून जिस्नाकडे केला. "तुम्ही बहीण का?"

"नाही," ती म्हणाली. लिफाफा तिने धरला. तपकिरी, अपेक्षेपेक्षा हलका. आतला मजकूर तिला पाठ होता. एकोणसाठ जणांनी आपापल्या पत्राचे फोटो गटावर टाकले होते आणि तिने प्रत्येक वाचला होता. 'आपली शिफारस करण्यात येत आहे' या ओळीनंतर कुठल्या ओळीत नाव येतं हेही तिला ठाऊक होतं. तिने लिफाफा उघडला नाही. येशूच्या तसबिरीखालच्या फळीवर, मेणबत्तीच्या बुंध्याला टेकवून ठेवला. दाराखालचा अर्धा कागद अजून तसाच होता.

"जाईल का गं तो?" अम्मच्चीने विचारलं.

तीन वर्षं जिस्ना कुठल्याही प्रश्नाला आकड्याने उत्तर देत आली होती. "माहीत नाही," ती म्हणाली. निघताना ती दाराशी थांबली. तिथल्या चपला मंगळवारी त्याने काढल्या तशाच, दाराकडे तोंड करून होत्या, माती वाळून पांढरी पडलेली. तिने वाकून त्या फिरवून ठेवल्या, आतून येणाऱ्याला पाय घालता येईल अशा. मग उतार उतरून बसथांब्यावर आली.

बस पाच दहाची होती. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. पाच वाजले तेव्हा काहीच झालं नाही. खालच्या वळणावर एक ट्रक गेला. मग फोन थरथरला. 'अनुपमा यांनी गट सोडला.' पुन्हा थरथरला. शमीर यांनी गट सोडला. रजिता, दिलना, प्रजोद. कुणी निरोपाचं काही लिहिलं नाही; तीन वर्षं रोज सकाळी 'आज काही जागा?' विचारणारी माणसं एकेक करून नुसती निघून जात होती. पाच वाजून सात मिनिटांनी पवित्रेट्टन गेला. त्याआधी त्याने काही लिहायला घेतलं होतं. 'लिहीत आहे' असं थोडा वेळ दिसत राहिलं आणि मग थांबलं.

गट तिने काढलेला होता, म्हणून ती सोडू शकत नव्हती असं नाही. पण ती बसून राहिली. गटातल्या माणसांचा आकडा उतरत उतरत दोनवर आला. तिने गटातली नावं उघडून पाहिली. एक ती. दुसरा नंबर तिने पहिल्याच आठवड्यात घातला होता, त्याने तीन वर्षांत एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि त्याचा फोन चौदा महिने बंद होता.

तिने लिहिलं, 'शाळा पय्यन्नूरच्या अलीकडे. तुमच्या थांब्यावरून सकाळी सात चाळीसची बस. नळ्या तिरक्या धरायला तिथे कुणाला येत नसेल.'

एक बरोबरची खूण उमटली. दुसरी उमटली नाही.

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि फोन मांडीवर उजेडाची बाजू वर करून ठेवला.